खाली रेघा, वर शिवण

वर.
ताईंनी पेडल दाबलं. शिवणाचं मशीन धावू लागलं.

खाली.
भावजयीच्या सोनोग्राफीच्या पडद्यावर रेघा धावू लागल्या.

जिन्यावर.
ताईंचा भाऊ. नवरा म्हणून खालचा, भाऊ म्हणून वरचा, म्हणून बिचारा बहुतेक वेळ मधल्या पायऱ्यांवरच सापडायचा.

"तुमच्या मशीनची मोटर विजेच्या लायनीत घाण सोडते, ताई," भावजय म्हणाली. "यकृत बघायला जावं, तर समोर विणलेला स्वेटर."

"बटणं मी लावून देते," ताई म्हणाल्या.

हसून झालं, निकाल मात्र कायम. शनिवारपर्यंत रेघा गेल्या नाहीत, तर ताईंचं मशीन भाड्याच्या गाळ्यात. ताईंच्या खिडकीपाशी बायका मापं द्यायला येत आणि अख्खी दुपार बसून राहत. गाळ्यात कोण बसणार?

भावाने सोनोग्राफीच्या लायनीवर फिल्टर बसवला. वीज गाळून पुढे सोडणारा डबा.

शुक्रवार, खाली.
पोटाला जेल फासून भाऊच पेशंट झाला.

शुक्रवार, वर.
ताईंनी पेडल दाबलं. फोनवर भावजयीचा निरोप आला: रेघा आहेत.

शनिवार. ताई स्वतःच खाली उतरल्या. भाऊ टेबलाखाली शिरला होता.

"ही मोळी कोणी बांधली?" त्याने तिथूनच विचारलं.

फिल्टरमध्ये शिरणारी वायर आणि बाहेर पडणारी वायर, दोन्ही एकत्र आवळलेल्या. अगदी देखण्या.

"मी," भावजय म्हणाली. "तुम्ही फिल्टर बसवून गेलात आणि मागे या लोंबत होत्या. मला बघवेना."

"अगं, एकीत मळकी वीज, दुसरीत गाळलेली. गळ्यात गळा घालून चालल्या की मळ फिल्टर चुकवून इकडून तिकडे उडी मारतो."

"डॉक्टरीणबाई," ताई म्हणाल्या, "धुतलेलं आणि मळकं एकाच बोचक्यात?"

भावजयीने गुपचूप कात्री पुढे केली. एक वायर डाव्या भिंतीला गेली, दुसरी उजव्या. खोली दिसायला पार गबाळी झाली. भाऊ पुन्हा जेल फासून आडवा झाला.

वर. निरोप आला: सुरू करा.

ताईंनी एका हाताने उत्तर दिलं: केलंय.

नाही केलं. पडदा स्वच्छ आहे.

केलंय हो.

मग जोरात करा.

ताईंनी पेडल तळाला टेकवलं. झग्याची किनार एका दमात संपली. त्यांनी दुसरा झगा ओढला.

थोड्या वेळाने दारात भावजय. मशीन खडखडत होतं. तिने धावती सुई बघून घेतली, मग ती खिडकीपाशी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली.

"उजेड बरा येतो इथे," ती म्हणाली. "माझ्या कोटाची बाही जरा काचते."

"हात पुढे करा."

"मी उठू का?" खालून आवाज आला.

"पडून राहा," भावजय म्हणाली, "मी माप देतेय."