पाणी कमी न होणारी टाकी

माशांची टाकी घेण्यात तपासनिसाचा फायदा उघड होता. दुकानोदुकानी फिरून तराजू आणि वजनं तपासायची त्याची नोकरी. तो आत शिरला की लोक उठून उभे राहत, पण आपणहून त्याच्या घरी चहाला कधी कुणी आलं नव्हतं. त्याच्या साहेबांना खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचा नाद होता. घरात एक छोटीशी खारी टाकी असली की साहेब ती बघायला येणार, बसणार, चार शब्द बोलणार, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत त्या चाराचे चाळीस होणार. एवढ्या मिळकतीसाठी हॉलचा एक कोपरा म्हणजे काहीच नाही.

कोपरा मात्र मोकळा नव्हता. तिथे आईचा पलंग होता. आपलं घर बंद करून ती नुकतीच मुलाकडे राहायला आली होती आणि पाहुणीसारखी वावरत होती. कपाट उघडायची नाही, गॅसला हात लावायची नाही. पलंग जरा सरकवला आणि टाकी तिच्या उशाशी बसली.

काम त्याने चोख केलं, हे मान्य करायला हवं. मीठ मोजून मिसळलं, वाळू धुतली, दगड रचले, पाणी गाळून वरून धारेने परत सोडणारा पंप बसवला, आणि पाणी मासे सोडण्याजोगं होईपर्यंत आठवड्यामागून आठवडे थांबला. लोक कुत्री पाळतात, आमच्याकडे दगड पाळलेत, असं बायको शेजारणीला सांगायची. शेवटी नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे आले आणि लाल पाठीची एक कोळंबी. खारेपणा मोजायचा काचेचा तरंगता मापक तो रोज पाण्यात सोडे. आकडा रोज तोच. मग मोजायचं कशाला, म्हणून त्याने मोजणं सोडलं.

त्याहून नवल म्हणजे टाकीतलं पाणी कमीच होईना. इतरांच्या टाकीतलं उडून जातं, माझ्या नाही, असं तो कचेरीत सांगू लागला. श्रेय झाकणाला दिलं, कारण काच त्याने स्वतः उभं राहून कापून घेतली होती. पाणी उडालं की काय करायचं ते दुकानदाराने टाकी देताना सांगितलं होतं. पण ज्याचं उडतच नाही त्याने ते ध्यानात कशाला ठेवायचं?

साहेब आले. पलंगावर नवी चादर पडली, आई आतल्या खोलीत गेली. साहेब वाकून टाकीत बघत होते.

"छान. रोज पाणी किती उडतं?"

"उडतच नाही साहेब. झाकणाची कमाल."

साहेबांच्या भुवया वर गेल्या. तेवढ्यात आई प्यायच्या पाण्याचा जग घेऊन आली. तिचं रोजचं एक काम सकाळच्या आवराआवरीत राहून गेलं होतं. कुणाकडे न बघता तिने झाकण सरकवलं आणि जग हळूच टाकीत रिकामा केला. साहेब हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण तपासनिसाचा चेहरा पडला.

"आई, तुला कुणी सांगितलं याला हात लावायला? समुद्राचं पाणी आहे ते. साधं पाणी घालून मारतेस का त्यांना?"

"आवाज येतो रे," आई म्हणाली. "पाणी खाली गेलं की ती पंपाची धार वरून पडते. झोप लागत नाही. म्हणून रोज घालते थोडं."

"ज्यातलं कळत नाही त्यात पडू नये."

साहेब "अहो, पण..." असं काहीतरी बोलायला गेले. तपासनिसाने घाईने बिस्किटांची बशी पुढे केली. साहेबांनी बिस्कीट उचललं आणि विषय सोडला. आई रिकामा जग घेऊन आत गेली.

त्यानंतर पाणी उडू लागलं. पातळी खाली गेली की तपासनीस मीठ कालवलेलं पाणी करून ओतायचा. आईने इतके दिवस खारेपणा पातळ केलाय, तो भरून काढायला नको का? आधी कोळंबी मेली. मग मासे तळाशी बसून धापा टाकू लागले. त्याने मापक सोडला तर आकडा कुठल्या कुठे चढलेला. धंद्याच्या सवयीने पहिला संशय मापकावर. तो कचेरीत नेऊन सरकारी मापकाशेजारी पाण्यात सोडला. दोन्ही एकाच रेघेवर थांबले.

मापक खरा असेल तर खोट दुकानदाराच्या हातात, हे तो आयुष्यभर लोकांना ऐकवत आला होता. आता त्याने स्वतःचे हात टेबलाखाली घेतले. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. जेवढं उडायचं तेवढंच साधं पाणी आई रोज परत घालत होती. त्याने मात्र मिठावर मीठ चढवलं. आणि साहेबांना हे त्याच दिवशी कळलं होतं, झाकणासकट.

घरी आल्यावर त्याने जग भरला. बायको स्वयंपाकघरात आहे, दार लोटलेलं आहे, हे आधी बघून घेतलं. ओरडताना त्याने असं काही बघितलं नव्हतं.

"आई, तू घालत होतीस तेच बरोबर होतं. चुकलं माझं. आजपासून तूच घाल."

आईने जगाकडे बघितलं. हात मांडीवरच ठेवले.

"असू दे रे. तूच घाल. माझ्या हातून काही झालं तर?" मग म्हणाली, "उकडतंय जरा. पंखा लावू का?"

बायकोने त्याला मागेच सांगितलं होतं, की आई हल्ली सगळं विचारून करतात. तेव्हा त्याला ते वळण चांगलं वाटलं होतं.

हिशेब बघायचा तर साहेबांना एक बिस्कीट मिळालं. कचेरीत त्यांनी कुणापाशी चकार शब्द काढला नाही, आणि तपासनिसाला तेच जड गेलं. टाकीतलं खारं पाणी थोडं थोडं काढून त्याने साधं घातलं, तसे मासे हळूहळू सावरले. आता रोज सकाळी जग तोच रिकामा करतो, आवाज थांबेपर्यंत. जीव गेला तो कोळंबीचा. बाकीची सगळी किंमत आईने भरली. त्या घरात तिने आपणहून हाती घेतलेलं एकच काम होतं, आणि पंखा लावायच्या आधी ती अजून विचारते.