खाली एक माणूस लागतं

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, म्हणतात. टाचणीमावशीने दोन्हींपैकी काहीच पाहिलं नव्हतं. चाळीस वर्षं तिने शाळांचे गणवेश शिवले, तोंडात कायम टाचण्या धरल्या, जीभही तशीच टोकदार, म्हणून हे नाव पडलं. आता बासष्टाव्या वर्षी ती एक जुनं घर विकत घ्यायला निघाली होती. निदान विकत घेऊन तरी पाहू.

राहायची ती धाकट्या भावाकडे. खोली तिचीच, पण इस्त्रीचं टेबल, मोडकी सायकल आणि पाहुण्यांच्या गाद्याही तिथेच. भावजय वाईट नव्हती हो. "ताई, तुमचं ताट झाकून ठेवलंय," असं रोज न चुकता सांगायची. झाकलेलं ताट उघडायचं, एकटीने जेवायचं आणि भिंतीपलीकडचं हसणं ऐकायचं, हे मावशीला अकरा वर्षं जमलं. मग जमेना. एकटंच राहायचं असेल तर स्वतःच्या दाराआड राहावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

घर दोन खोल्यांचं, वर माळा, माळ्यावर कौलं. मालक म्हातारा एकटाच राहायचा, तो गेल्या वर्षी वारला. त्याची लांब राहणारी मुलगी फोनवर म्हणाली होती, "उद्या दुपारपर्यंत हो की नाही ते सांगा. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय."

अडलं होतं ते छपरापाशी. म्हाताऱ्याने माळ्यावर जिथे जिथे पाणी गळलं तिथे खडूने गोल काढून शेजारी तारीख लिहिली होती. वाशांवर गोल, फळ्यांवर गोल. मावशीने मोजले तर एकतीस भरले. खाली पातेली आणि डबे मांडलेले, प्रत्येकाच्या तळाशी गंजाचं कडं. भावाने ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"ताई, हे छप्पर आहे की चाळण? सगळंच उतरवावं लागेल. तुला झेपणार आहे का ते? नाद सोड."

त्याचंही खोटं नव्हतं. सगळं छप्पर बदलायचं असेल तर हे घर तिच्या आवाक्यातलं नव्हतं. मग पुन्हा ते इस्त्रीचं टेबल आणि ते ताट. रात्रभर तिने कूस बदलली आणि सकाळी कोणाला न सांगता छपराचं काम करणारा मिस्त्री बोलावला.

मिस्त्री साठीकडे झुकलेला, बोलण्यात भलताच काटकसरी. त्याने गोल पाहिले, दोन-चार कौलं हाताने चाचपली आणि भुवया उंचावल्या.

"ही तर नवी आहेत. बदललीत कोणीतरी."

"मग गळतंय कुठून?"

"बघू. तुम्ही इथेच बसा, मावशी. मी वरून नळीने पाणी सोडतो. खालच्या ओळीपासून एकेक ओळ वर जाईन. पहिला थेंब दिसला की लगेच ओरडायचं. उशीर केलात तर काही उपयोग नाही. पाणी वाशावरून पळतं. शिरतं एकीकडून आणि टपकतं दहा ठिकाणी."

"आणि खाली कोणी नसेल तर?"

"तर नाही सापडत," मिस्त्री शिडीकडे वळत म्हणाला. "खाली एक माणूस लागतंच."

मावशी एक पातेलं पालथं घालून त्यावर बसली. वर पाणी सुटलं.

"आलं का?"

"नाही!"

दुसरी ओळ. तिसरी. एकतीसच्या एकतीस गोल कोरडे ठणठणीत. बसल्या बसल्या मावशीला शिडीच्या तोंडाशी, वाशावर आणखी एक गोल दिसला. जुना, पुसट, आणि अक्षर वेगळं, बाईचं. 'इथे. लगेच आलं.' आणि शेजारी तारीख. दुसऱ्यांनी केलेल्या खुणांवर कात्री चालवण्यात तिचा जन्म गेला होता. हा हात म्हाताऱ्याच्या बायकोचा, हे ओळखायला वेळ लागला नाही. त्या तारखेनंतर दोन वर्षं एकही गोल नव्हता. त्यानंतरचे सगळे टोकदार अक्षरातले, म्हाताऱ्याचे.

मग तिच्या लक्षात आलं. बायको होती तोवर तो वरून ओरडायचा आणि ती खालून सांगायची. ती गेल्यावर हा नळी छपरावर तशीच सोडून शिडी उतरत असणार, दोन खोल्या ओलांडून धापा टाकत माळ्यावर येत असणार. तोवर पाणी दहा ठिकाणी पोचलेलं. हा सगळीकडे गोल काढायचा आणि प्रत्येक गोलावरचं चांगलं कौल बदलायचा. वर्षानुवर्षं.

"अरे वेड्या," मावशी मोठ्याने म्हणाली, "कोणाला तरी हाक मारायचीस ना!" आणि तिचे डोळे भरून आले, कारण आपण कोणाला हाक मारू हे तिलाही सांगता येईना.

"आलं का?"

आढ्याजवळच्या वाशावर एक थेंब लोंबत होता.

"आलं! मिस्त्री, आलं, आलं!"

सगळ्यात वरचं एक कौल निघालं, केसाएवढी चीर गेलेलं. मिस्त्री भोकातून डोकावून म्हणाला, "बाकी छप्पर धडधाकट आहे. डोळे झाकून घ्या घर. वर्षातून एकदा असंच पाणी सोडून बघत जा, झालं." मग नवं कौल बसवून खात्रीसाठी त्याने पुन्हा नळी सुरू केली.

"आलं का?"

"नाही!"

घर तिचं झाल्यातच जमा होतं. आनंदाने उडी मारायला हवी होती. पण फोन हातात धरून ती नुसती त्या बाईच्या अक्षराकडे पाहत राहिली.

"आलं का?"

मावशी बोलली नाही.

"मावशी? ओ मावशी! आहात ना खाली?"

अकरा वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

"आहे!" ती ओरडली. "आहे मी!"

मग तिने म्हाताऱ्याच्या मुलीला फोन लावून हो म्हणून सांगितलं. वर पाणी चालूच होतं. माळा कोरडा होता, मिस्त्रीला आता बंद करा म्हणून सांगायला हवं होतं. तिने सांगितलं नाही. आणखी एक हाक आली, तेव्हाही तिने उत्तर द्यायला मुद्दाम थोडा वेळ लावला.