दोन घरांत एक जोड

यादीवाला आला तेव्हा मी अंगण सारवत होते, आणि मधल्या भिंतीपलीकडे थोरली जाऊ धान्य पाखडत होती. आवाज असा, जसं काही कोठारच भरलंय!

गरिबांच्या यादीत नाव लागलं तर वर्षभराचं धान्य फुकट. माझ्या तीन पोरांची पोटं त्याच्या वहीत अडकली होती. काहीही विचारलं तरी ‘नाही’ म्हणायचं, हे मी सकाळपासून घोकत होते.

‘‘पोरांना चपला आहेत?’’ त्यानं विचारलं.

दोन घरांत जोड एकच, तोही थोरलीनं आणलेला. माझी मोठी पोर तो घालून सकाळच्या शाळेला जाते, दुपारी भिंतीपाशी काढते, मग जावेची पोर घालते. बाकीची अनवाणीच. एवढ्यावर थोरली गावभर मिरवते. माझ्या जिवाची नुसती आग होते.

‘नाही’ अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात पलीकडचं सूप थांबलं. ती ऐकत होती.

‘‘आहेत की! सगळ्यांना आहेत.’’

‘‘दिसत नाहीत कुठं.’’

‘‘घालून हिंडतात, बाबा. चपला काय देव्हाऱ्यात ठेवायच्या?’’

भिंतीवर थोरलीचं डोकं उगवलं. ‘‘साहेब, आमचं पण लिहा. आमच्याकडं दोन-दोन जोड. एक चिखलातला, एक बाहेर जायचा.’’

‘‘जेवण दोन वेळा होतं?’’

‘‘दोनदा कशाला, तीनदा!’’ मी म्हणाले.

‘‘आमची पोरं तर ताटात टाकतात,’’ थोरली म्हणाली.

तो मान खाली घालून फुल्या मारत राहिला. तेवढ्यात माझी पोर शाळेतून धावत आली. तिनं चपला काढून भिंतीवर ठेवल्या. पलीकडून थोरलीच्या पोरीनं त्या ओढल्या, पायात सरकवल्या आणि पळत सुटली. माझी पोर तापल्या मातीवर नाचत घरात शिरली.

यादीवाल्यानं सगळं बघितलं. मऊ आवाजात म्हणाला, ‘‘खोडून परत लिहू का, बाई?’’

थोरली हो म्हणाली असती तर मीही म्हणाले असते. तिनं आधी म्हणावं, माझ्यासमोर, एकदाच. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी तिच्या.

त्यानं वही मिटली. मग पेनाला टोपण लावून पुढच्या आळीला निघून गेला.

पलीकडं सूप पुन्हा वाजू लागलं. मी टाचा उंच करून डोकावले. सुपात दाणा नव्हता. तेवढंच जिवाला बरं वाटलं.