तीस शतांश

मोजणीयंत्राच्या सुईच्या टोकावरचा माणकाचा मणी, मोहरीएवढा, तांबडा, टायटॅनियमच्या ब्रॅकेटच्या डाव्या बाहूला टेकला, मागे सरला, पुन्हा टेकला… आणि बोग्नाने श्वास रोखून धरला.

पोलंडमधल्या झेशूफच्या या मोजणीखोलीत बारा महिने वीस अंश. एकतीस वर्षं ती इथे मोजते आहे. आधी पात्याने कोरलेले भाग, आता भुकटीवर लेसर फिरवून थरावर थर चढवलेले. वितळलेला धातू निवताना आखडतो, खालच्या पाटापासून कापून सुटा केला की दोन्ही बाहू आत ओढून घेतो, थंडीत माणूस घेतो तसे. म्हणून आराखड्यातच ते बाहेर फाकवायचे. मुद्दाम वाकडं काढायचं, सरळ यावं म्हणून. किती वाकडं, एवढाच प्रश्न. संगणक म्हणाला, बेचाळीस शतांश मिलिमीटर. तिने घातले तीस.

आधीचे दोन भाग भंगारात गेले होते. हा तिसराही चुकला तर काम दुसऱ्या कारखान्याकडे जाणार… आणि नाव निघणार तिच्या तीसचं.

"बोग्नाबाई, चूक पन्नास मायक्रॉनच्या, म्हणजे पाच शतांशाच्या आत हवी हं," विभागप्रमुख लेशेक दारातून म्हणाला. "नाहीतर उद्यापासून आपण दोघं पिएरोगीच्या करंज्या विकायला बसू."

"तुम्ही बसा साहेब. पण तुमच्या हातच्या दोन तरी एकसारख्या येतील का?"

पडद्यावर आकडे उमटले. डावा बाहू एकवीस मायक्रॉन. उजवा एकोणीस.

"अरे वा! कमाल केलीत बाई!" लेशेक ओरडलाच. तिने मान किंचित हलवली फक्त, पण आत… आत काय चाललं होतं म्हणून सांगू! संगणकाचं ऐकलं असतं तर गेलाच होता हा भाग. माझा हात ओळखतो धातूला. ओळखणारच, एकतीस वर्षं काय माशा मारल्या?

ग्राहकाकडून आलेले झेनोन, पिकल्या मिशांचे तपासनीस, तक्ता पुढे सरकवून अदबीने म्हणाले, "सुंदर काम. आता एवढंच लिहा, तीसच का? पुढचे दोनशे भाग याच आधारावर निघतील."

तीसच का… तिने पेन उघडलं. आणि तो मंगळवार आठवला. "संगणकाचं घ्या बाई, तुमचा जमाना पात्यांचा होता," लेशेक हसत म्हणाला होता, आणि कानशिलं तापली होती तिची. बेचाळीस खोडून तीस घातले ते त्या क्षणी — हिशेब न करता, धातूकडे न पाहता. निव्वळ रागाने. की रागाच्या आडून हातानेच?… तेव्हा कळलं नव्हतं, आताही कळत नव्हतं.

"लिहिताय ना?" लेशेकने विचारलं.

"लिहिते की. घाई कसली?"

पेन रिकाम्या रकान्यावर थांबलं. तिला वाटलं होतं, लाज वाटेल. वाटत होता तो अभिमानच, तसाच ताठ, तेवढाच ऊबदार. फक्त तो कुणाचा, तिचा की तिच्या रागाचा, हे दोनशे भागांआधी तिला ठरवायचं होतं.