आधी फेरी, मग खेळ

माझ्यावर इतके ऐसपैस बसला आहात, तर म्हटलं ओळख तरी करून द्यावी. मी या मैदानावरचा लोखंडी रोलर. दचकू नका. आम्ही वजनदार मंडळी सहसा कमी बोलतो, पण आज राहवत नाही.

माझा जन्म ओतशाळेतला आणि तरुणपण गेलं रस्त्यांच्या कामावर. पुढे इंजिनवाले रोलर आले आणि मी पालिकेच्या गोदामात अडगळ होऊन पडलो. तेव्हा हे मैदान म्हणजे खडकाळ माळ होता. पालिकेनं तो खेळासाठी राखून ठेवला होता खरा, पण त्यावर बकरीसुद्धा जपून चालायची. शेवटी आसपासच्या गल्ल्यांतल्या लोकांनी स्वतःच दगड वेचले आणि पालिकेच्या मागे भुणभुण लावून मला इथे आणलं.

त्या लोकांत समोरच्या शिवणाच्या दुकानातली काकी होती. खेळायला सगळे तयार, मला ओढायला कुणीच नाही, हे पाहून तिनं नियमच करून टाकला: आधी फेरी, मग खेळ. मैदानात येणाऱ्यांनी आधी मला दोरीनं एक फेरी ओढायचं. एकानं पुढे चालून खडे वेचायचे, खिशात टाकायचे आणि शेवटी भिंतीकडेच्या ढिगावर रिकामे करायचे. शाळकरी मुली असोत की बाहेरगावी बक्षिसं मारून आलेले खेळाडू, सगळ्यांना कायदा एकच. फुकट मिळालेलं कुणी जपत नाही म्हणतात. या लोकांनी ते खोटं पाडलं, म्हणून मला त्यांचं फार कौतुक आहे.

काकीचा मुलगा माझा दांडा धरून चालायला शिकला. मोठा होऊन तो नगराध्यक्ष झाला आणि नेमका त्याच्याच पुढ्यात प्रस्ताव आला, की हे मैदान विकावं, नाहीतर लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यावं. मुलगा वाईट नाही हो. पाण्याची टाकी गळत होती आणि पालिकेच्या तिजोरीत खडखडाट होता.

"आई, लोकांना पाणी पाजू की खेळवत बसू?" दुकानाच्या पायरीवर बसून तो वैतागून म्हणाला.

काकीनं शिवणयंत्र थांबवलं नाही. "पाणी पाज की. पण टाकी पुन्हा बांधता येते. गेलेलं मैदान कुठून आणशील?"

तो उठून पालिकेकडे चालू लागला. मैदान गेलं की माझी रवानगी भंगारात, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

प्रस्तावावरच्या मतदानाआधी पालिकेचे सगळे सदस्य पाहणीला आले. कडक इस्त्रीचे कपडे, हातात नकाशे. फाटकात काकी उभी.

"आधी फेरी," ती म्हणाली.

"काकी, आम्ही पाहणीला आलोय, खेळायला नाही," व्यापारी सदस्य म्हणाले. विक्रीची सगळ्यात घाई त्यांनाच होती.

"आत पाऊल टाकायचंय ना? मग फेरी."

नगराध्यक्षानं कपाळाला हात लावला. "ओढा हो. नाहीतर आई आत सोडायची नाही."

सभागृहात एकमेकांचं तोंडही न बघणारे ते सगळे माझ्या दोरीला लागले. एक डावीकडे ओढतोय, दुसरा उजवीकडे. मी कशाला हलतोय! शेवटी व्यापारी सदस्यांनीच ओरडून ताल धरला, तेव्हा कुठे मी कुरकुरत निघालो. अर्ध्या फेरीत ती माणसं चक्क हसायला लागली.

नगराध्यक्ष पुढे चालत होता. टाकीचा खर्च समजावून सांगता सांगता तो वाकत होता, खडा उचलत होता, खिशात टाकत होता. लहानपणची सवय, त्याला पत्ताही नव्हता. फेरी संपली तेव्हा त्याचा खिसा पार लोंबत होता.

काकी जवळ आली आणि तिनं त्या खिशावर हात ठेवला.

"विकायच्या जमिनीतले खडे कुणी वेचतं का रे?"

तो खिशाकडे बघतच राहिला. दोरी सोडायचंही कुणाला सुचलं नाही.

मैदान विकलं गेलं नाही. सभेत थोडी वादावादी झाली म्हणतात, पण शेवटी फक्त रस्त्याकडेची पट्टी दुकानांना वर्षाच्या करारानं द्यायची ठरलं. तेवढ्या भाड्यात टाकी नवी होईना, म्हणून आधी गळती बुजवली. बाकीचं काम रखडत रखडत चाललंय आणि त्याबद्दल नगराध्यक्ष लोकांची बोलणी खातोय. खाऊ दे. मला त्याचा अभिमान वाटतो. सभा संपल्यावर तो सरळ इथे आला होता. खडे अजून खिशातच होते. ते ढिगावर रिकामे करून तो बराच वेळ माझा दांडा धरून उभा राहिला.

आता मी गंजलोय, वळताना कण्हतो, पण फिरतो अजून. तेव्हा उठा बरं. त्या बघा, मुली आल्याच दोरी घ्यायला. तुम्ही पुढे चाला, जरा खाली बघत. आणि खिसे रिकामे आहेत ना तुमचे?