गद्दारांचा दगड म्हणे!

मी दगड बोलतोय. थांबा, लगेच हात जोडू नका. मी देव नाही, पिंड नाही, कोणाची समाधीही नाही. बालाघाटाच्या डोंगरावर घारगड नावाचा एक किल्ला आहे, त्याच्या माथ्यावर मी उभा आहे. गोल आहे, काळा आहे, माणसाच्या छातीएवढा उंच आहे आणि माझ्या पोटात आरपार भोक आहे. त्या भोकातून मान घालून फोटो काढायची सध्या फार पद्धत पडली आहे. काढा बापडे. ज्यांच्या मानेचा उपयोग दुसऱ्या कशाला होत नाही, त्यांनी निदान फोटो तरी काढावा.

मला लोक 'गद्दारांचा दगड' म्हणतात. माझ्याखाली पाचशे गद्दारांची मुंडकी चिरडली, असा माझा लौकिक आहे. खरं सांगू? माझ्याखाली आजवर एक मुंगळासुद्धा मुद्दाम चिरडलेला नाही.

मी चुन्याच्या घाण्याचं चाक आहे. गड बांधायला घेतला तेव्हा याच डोंगराच्या कातळातून मला घडवलं. राज्य बहमनी सुलतानाचं होतं की आणखी कोणाचं, ते मला विचारू नका. माझ्यापर्यंत सुलतान कधी आला नाही, बैल आला. मला एका गोल चरात उभं केलं, भोकात लाकडी दांडा घातला, दांड्याला बैल जुंपला आणि त्याच्यामागे फिरायला लावलं. चरात भाजलेला चुना, वाळू, गूळ आणि बेलफळाचा चीक पडायचा. मी ते सगळं लोण्यासारखं मऊ दळायचो. या गडाचा बुरुज न् बुरुज मी दळलेल्या चुन्यावर उभा आहे. पण बुरुजाला कोणी विचारत नाही की बाबा रे, तुला धरून कोणी ठेवलंय? सगळे विचारतात, तुला बांधला कोणी? मग एखाद्या राजाचं नाव सांगतात. त्या राजानं घमेलं तरी उचललं होतं का?

गड बांधून झाला आणि बैल सोडला. दांडा कोणीतरी चुलीत घातला. तेव्हापासून मी रिकामा. पुढे निजाम आला, गेला. शेळ्या आल्या, त्या मात्र अजून येतात. माझ्यावर पाठ घासतात आणि निघून जातात. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही, म्हणून त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं आहे.

त्याच शेळ्यांमागे मंगल यायची. पायथ्याच्या वस्तीवरची. दसरा झाला की ती आणि तिचा नवरा उत्तरेश्वर ऊसतोडीला जायचे, कधी सांगलीकडे, कधी कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' म्हणतात. माणसं दोन आणि मोजणी कोयत्याची. ती गेली की घराला कुलूप आणि शेळ्या सासूकडे. उन्हाळ्यात परत यायची तेव्हा तिच्या हातांवर उसाच्या पाचटाचे चरे असायचे. माझ्या सावलीत बसून ती त्यांना खोबरेल लावायची.

एका पावसाळ्यात पुण्याकडची पाच-सहा पोरंपोरी गडावर चुकली. पवनचक्कीवाल्यांनी डोंगर फोडून रस्ता केल्यापासून अशी माणसं वर येऊ लागली होती. मंगलला बघून त्यांच्या जिवात जीव आला. एका पोरीनं विचारलं, "मावशी, हा दगड कसला आहे? इथे काही घडलंय का?"

मंगल खरं बोलली. "काय की बाई. दगड हाय."

पोरांची तोंडं अशी पडली की मलाच ओशाळल्यासारखं झालं. ती परत वळायला लागली. मंगलनं त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पदर खोचला आणि हाक मारली, "आवं थांबा! असं तिन्हीसांजेला ह्या दगडाला पाठ दावू नये. लई मुंडकी खाल्लीत ह्यानं!"

झालं. त्या पोरीच्या तोंडून "बापरे!" निघालं आणि माझ्या इतिहासाचा निकाल लागला.

पुढच्या आठवड्यात दुसरे आले. मग तिसरे. मंगलची रीतसर सहलच सुरू झाली. 'रहस्यमय घारगड' अशी पाटी उत्तरेश्वरनं खाली चहाच्या टपरीवर लावली. आधी दरवाजा. मग भुयार. हे भुयार थेट दौलताबादला निघतं म्हणे. आत गेलेला माणूस परत येत नाही. तिची स्वतःची शेळी रोज त्यातून आत जाते आणि पलीकडे लिंबाखाली बाहेर येते, पण शेळी काही माणूस नाही, त्यामुळे गोष्टीला बाध येत नाही. मग 'राणीचा हमाम'. तिथे घोडे पाणी प्यायचे. आणि सगळ्यात शेवटी मी.

माझ्याजवळ आली की मंगलचा आवाज बदलतो. "हितं आनायचे गद्दार. हात बांधलेले. मान ह्या चरात. अन् वरून हा दगड..." मग पदराखालून ती वाळूक काढते. वाळूक म्हणजे आमच्याकडची जाडजूड रानकाकडी. ते माझ्या कडेवर ती असं काही आपटते की फट्ट आवाज होतो आणि शहरातली माणसं डोळे मिटून घेतात. मग त्याच वाळकाच्या फोडी मीठ-मिरची लावून वाटते. गद्दाराचं मुंडकं लोक मिटक्या मारत खातात. "अजून आहे का हो?" असंही विचारतात.

मी आतल्या आत जळायचो. अरे, मी बांधणारा दगड! मला खाटीक करून टाकलं! कधी वाटायचं, एखादा शहाणा यावा आणि म्हणावा, बाई, हा तर चुन्याचा घाणा. शहाणे आले नाहीत असं नाही. ते आले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "बहुतेक पाचशे नसतील. तीनशे-साडेतीनशे असतील." एवढंच त्यांचं संशोधन.

पण एक गोष्ट मी पाहत होतो. त्या वर्षी दसऱ्याला मंगलच्या घराला कुलूप लागलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. तिच्या हातांचे चरे भरून आले. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम येऊन विचारून जायचा, "काय उत्तरेश्वर, येतोस का?" उत्तरेश्वर म्हणायचा, "बायकूला गडावर काम हाय." मुकादम हसायचा. गडावर कसलं आलंय काम? हसू दे. मलाही आधी हसूच यायचं.

मग यंदा एका पोरीनं माझं रील बनवलं आणि ते भैय्यासाहेबांपर्यंत पोचलं.

भैय्यासाहेब म्हणजे विजयसिंह. आमच्या भागातले पुढारी. जमीनजुमला भरपूर, पक्ष त्याहून भरपूर. तीन पक्ष फिरून आले, चौथ्यात सध्या मुक्काम आहे. गेवराईजवळ हायवेला त्यांनी किल्ल्यासारखं हॉटेल बांधलंय. सिमेंटचे बुरुज, प्लास्टरच्या तोफा. त्यांना वाटलं, दारात कारंजं करावं आणि कारंज्यात खरा गद्दारांचा दगड मांडावा. तीन पक्ष फिरून आलेल्या माणसानं गद्दारांचा दगड दारात मांडायचा! मला तोंड असतं तर पोट धरून हसलो असतो. पोटाला भोक आहे, ते धरून हसलो असतो.

सकाळीच गाड्यांचा धुरळा आला. पुढे दोन पांढऱ्या गाड्या, मागे क्रेन. भैय्यासाहेब उतरले, माझ्यावर हात ठेवला, फोटो काढून घेतला.

"काय गं मंगल, हाच ना तो?"

"हाच भैय्यासाहेब. पर... हलवायचा कावून? हितंच बरा हाय की."

"इथं कोण बघतंय त्याला? शेळ्या? हायवेला लावला की जग बघंल."

"अन् मी?"

ही अडचण त्यांच्या ध्यानात आली नव्हती. "तू ये की हाटेलात. भांड्याला बाई लागतेच."

खाली टपरीशी उत्तरेश्वर उभा होता, त्याच्याकडे मंगलनं पाहिलं. दसरा जवळ आला होता. मी गेलो तर गडावर काय उरणार? घोड्यांचा हौद आणि शेळीचं भुयार. तेवढ्यासाठी पुण्याहून कोणी येत नाही. पुन्हा ट्रक, पुन्हा पाचट, घराला पुन्हा कुलूप. हे सगळं तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होतं आणि मी दगड असूनही मला गलबलून आलं.

क्रेनवाला सुरज पट्टा घेऊन आला, पण माझ्याजवळ येऊन थबकला. "साहेब, नारळ फोडल्याबिगर मी पट्टा लावत न्हाई. लोखंडाचं काम हाय. आमच्यात तसा रिवाज हाय."

"फोड बे, फोड," भैय्यासाहेब म्हणाले. गाडीतून नारळ आला. सुरजनं तो माझ्याच कडेवर आपटला.

नारळ नासका निघाला. असा नासका, की दोन कार्यकर्ते नाकाला रुमाल लावून मागे सरकले.

आता नासक्या नारळाचं आपल्याकडे काय करायचं, यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांची माणसं तिथे हजर होती. एक म्हणाला, "शुभ असतंय. देवानं आतल्या आत खाल्ला." दुसरा म्हणाला, "खुळा का काय तू? अपशकुन हाय." सुरजनं हातातला पट्टा खाली ठेवला. अख्खी क्रेन एका नारळापुढे खोळंबून उभी राहिली.

तेवढ्यात मंगल पुढे झाली. "भैय्यासाहेब, एक बोलू का? राग येऊ देऊ नका."

"बोल."

"पब्लिकला मी अर्धीच गोष्ट सांगते. पुरी सांगत न्हाई, लोक भेतेत." तिचा आवाज रोजच्यासारखा मोठा नव्हता. घरातलं कोणी आजारी असावं तसा हळू होता. "हा दगड जो जागचा हलवतो, त्याची खुर्ची हलती. किल्लेदारानं हलवलाता, पदावरून गेला. निजामाच्या तहसीलदारानं हलवलाता, त्यो बी गेला. अन् आपला सटवा सरपंच? गेल्या विलेक्शनला ह्याच्यावर बसून फोटो काढलाता. हलवला बी नव्हता. नुसता बसलाता."

सटवा सरपंच दणकून पडला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. तो का पडला हेही माहीत होतं. त्याच्या नळयोजनेत नळ आले होते, पाणी आलं नव्हतं. पण पुढारी एखादा का पडला, याचं कोणतंही कारण दुसरा पुढारी मानायला तयार असतो. भूत, करणी, ग्रह, दगड. फक्त ते पाण्याचं सोडून.

विजयसिंहांचा हात अजून माझ्यावर होता. तो त्यांनी असा उचलला, जणू तव्याला लागला असावा. पांढऱ्या पँटला पुसला. मग काय वाटलं कोण जाणे, त्याच हातानं मला नमस्कार केला.

"मी तर आत्ता हात लावला, मंगल."

"नुसत्या हातानं काय न्हाई होत, भैय्यासाहेब. मनात हलवायचं नसलं म्हंजे झालं."

"न्हाई, न्हाई. माझ्या मनात कुठं होतं? बघायला आलतो." जिल्हा परिषदेच्या निवडणुका तोंडावर होत्या. "पण हे आधी सांगायचं न्हाई का?"

"एवढ्या मोठ्या खुर्चीचं माणूस पैल्यांदाच आलं वर. बाकीच्यांना सांगून काय करू?"

हे ऐकून विजयसिंहांची छाती थोडी फुगली. मोठेपणा कुठूनही मिळाला तरी चालतो त्यांना. क्रेन मागे फिरली, गाड्या वळल्या.

सगळ्यांना मंगल धीट दिसली असेल. मला माहीत आहे ते सांगतो. बोलताना तिचा एक हात पाठीमागे होता. त्या हातानं तिनं माझी कड घट्ट धरली होती. इतकी वर्षं मी तिच्या खोट्यावर दात-ओठ खात होतो. त्या दिवशी, देवाशपथ, मनात म्हणालो, बोल मंगल, अजून बोल, पाचशेची पाच हजार मुंडकी कर.

आता गडावर एकही पुढारी फिरकत नाही. रस्त्याच्या डागडुजीचा नारळसुद्धा पायथ्यालाच फोडून गेले, वर आले नाहीत. विरोधक मात्र विजयसिंहांना भेटले की आवर्जून म्हणतात, "भैय्यासाहेब, एकदा घारगड बघायला चला की."

दसरा झाला. ऊसतोडीचे ट्रक डोंगराच्या पायथ्यानं निघाले. भांडी, चुली, पांघरुणं आणि वर दाटीवाटीनं बसलेली माणसं. मंगल माझ्याजवळ उभी राहून बघत होती. खालून कोणी बाईनं हात हलवला, हिनंही हलवला. शेवटचा ट्रक वळणावर दिसेनासा झाला, तेव्हा ती मटकन खाली बसली आणि माझ्या चरात पाय सोडून हमसून रडली. मग नाक पुसलं, पदर सारखा केला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"तू कशाचा दगड हाईस, देव जाणे. पर लई कामाचा हाईस बघ."

बैल सोडला त्या दिवसापासून हा शब्द मला कोणी म्हटला नव्हता. कामाचा!

तर मंडळी, माझी हकीकत ही अशी आहे. माझं खरं आता तुम्हाला कळलं आहे, ते तुमच्यापाशीच ठेवा. मी चुना दळायचो, हे गडावर येऊन शहाणपणानं बोलू नका. खाली उत्तरेश्वरचा चहा घ्या, भुयारात डोकावा, हमामापाशी थोडं हळहळा. मग माझ्यापाशी या. ती पदराखालून वाळूक काढेल. फट्ट आवाज झाला की डोळे मिटा आणि मोठ्यानं "बापरे!" म्हणा. एवढंच करा. तुम्ही "बापरे" म्हणताय तोवर खाली एका घराला कुलूप लागत नाही.