कौसल्याची ऐकण्याची पेटी

मित्रांनो, मला हातात घ्याल तर आधी नाक मुरडाल. माझ्या मालकीणबाईंनी, प्रयागबाईंनी, मला स्पिरिटने पुसले, उन्हात ठेवले, कापसात गुंडाळले, तरी माझ्या जाळीतून येणारा आंबूस, उग्र वास काही गेला नाही. मी एक जुनी ऐकण्याची पेटी आहे. तो वास माझा नव्हे. तो माझ्यावर कसा सांडला, तेच आज तुम्हाला सांगणार आहे. जेवून बसला असाल तर थोडे थांबा.

माझा जन्म विलायतेतला. काड्यापेटी थोडी मोठी केली तर जेवढी होईल, तेवढी मी. माझ्या पोटात शेंगेतल्या दाण्यासारख्या काचेच्या नळ्या आहेत. सेल घातले की त्या जाग्या होतात. समोरच्या जाळीतून आवाज आत येतो, मी तो मोठा करते आणि वायरीतून कानातल्या बटणापर्यंत पोहोचवते. माझ्यात एकच उणीव आहे. मला आवाज निवडता येत नाही. जे चांगले बोलले जाईल तेही मी मोठे करते आणि जे घाणेरडे बोलले जाईल तेही.

मी पहिल्यांदा आले ती बारामतीच्या सर्जेराव वकिलांकडे. त्यांना कमी ऐकू येऊ लागले होते. त्यांच्या मुंबईच्या मेव्हण्यांनी मला भेट म्हणून पाठवले. वकीलसाहेबांनी मला कोटाच्या आतल्या खिशात, तपकिरीच्या डबीशेजारी कोंबले. माझी जाळी तपकिरीने बुजली. वायर त्यांनी कॉलरखालून नेली आणि कानातले बटण कोणाला दिसू नये म्हणून अर्धेच बसवले. बटण नीट बसले नाही की मी शीळ घालते. तो माझा स्वभावच आहे. एके दिवशी भर कोर्टात मी शीळ घातली. विरुद्ध बाजूचे वकील म्हणाले, "दौंडची गाडी आज कोर्टातच आली वाटतं!" सगळे हसले.

घरी येताच वकीलसाहेबांनी मला टेबलावर आपटले.

"बहिरा म्हणून मेलो तरी चालेल, पण हे लोढणं गळ्यात नको," ते पत्नीला म्हणाले.

"अहो, पण लोकांचं ऐकू येत नाही तुम्हाला. पक्षकार काय सांगतात ते तरी कळायला नको?" प्रयागबाई म्हणाल्या.

त्यांना तेही ऐकू गेले नाही. त्यांनी मान डोलावली. पुढे ते पक्षकारांसमोरही अशीच मान डोलवत. रडत आलेली माणसे आपले गाऱ्हाणे सांगत आणि हा शहाणा माणूस, एक शब्दही न ऐकता, "बरं, बरं" म्हणत असे. मला त्यांनी टेबलाच्या खणात टाकले होते, तिथे पडल्या पडल्या मी ते ऐकत होते. मला त्या माणसाचा वीट आला.

आता कौसल्याविषयी सांगते. ती कऱ्हाटीची. तिचे घर भाजीपाला पिकवणारे. बाजाराच्या दिवशी ती नवऱ्याबरोबर, रामहरीबरोबर, बैलगाडीतून बारामतीला येई आणि पाटी डोक्यावर घेऊन दारोदार भाजी विके. प्रयागबाई मेथी मागत, ती मिरच्या देई. किती दिल्या विचारले तर "व्हय, आजच तोडल्यात," असे सांगे. बायका हसत. एकदा प्रयागबाई तिच्याजवळ गेल्या आणि त्यांना घाण वास आला. कौसल्याच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते आणि ते पिवळे झाले होते.

प्रयागबाई तिचा हात धरून तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी कान पाहिले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारले, "यात काय काय ओतलंय?"

तिने बोटांवर मोजत सांगितले. लहानपणी कान फुटला तेव्हा लसणीचे कडकडीत तेल. मग बाळंतिणीचे दूध. मग बाजारात बसणाऱ्या म्हस्कूचे औषध. हा म्हस्कू शेळीच्या मुतात रुईचा चीक कालवी, त्यात आणखी काहीबाही घाली आणि बोकडाच्या शिंगातून ते लेकरांच्या कानात सोडी. लोक रांग लावून उभे राहत.

डॉक्टरांनी तोंड फिरवले. ते प्रयागबाईंना म्हणाले, "पडदे गेलेत. पण आतली नस जिवंत आहे. कान कोरडे झाले तर यंत्राने हिला चांगलं ऐकू येईल."

मित्रांनो, पुवाची किळस धरू नका. पू हा आजार आहे, तो पुसता येतो. माणूस दुसऱ्याच्या लेकराच्या कानात शेळीचे मूत ओततो आणि आई-बाप ते लेकरू धरून ठेवतात, किळस त्याची धरा.

बरेच बाजार दवाखान्यात औषध घेतल्यावर कौसल्याचे कान कोरडे झाले. तेव्हा प्रयागबाईंनी मला खणातून काढले, माझी तपकीर झाडली, नवे सेल घातले आणि कौसल्याच्या चोळीशी मला बांधले. वायर पदराखालून नेली. बटण नीट, घट्ट बसवले. मी शीळ घातली नाही.

कौसल्याने आधी स्वतःच्या बांगड्या वाजवल्या. मग पदर सावरला, त्याची सळसळ ऐकून दचकली. रस्त्यावरून टांगा गेला. तिचे डोळे भरून आले.

"बाई, येवढा कालवा असतू व्हय जगात?" ती म्हणाली.

"असतो बाई. नको वाटला तर हे चाक फिरव, बंद होतो," प्रयागबाई हसून म्हणाल्या.

"न्हाय, न्हाय. असू दे. आदी माज्या तुळशीचा आवाज ऐकती."

तुळशी म्हणजे तिची मुलगी. अजून चालताना पडणारी, बोबडे बोलणारी. कौसल्याने तिचा आवाज कधी नीट ऐकलाच नव्हता. सबंध रस्ताभर गाडीत ती माझ्यावर हात ठेवून बसली होती. नवऱ्याला तिने काही सांगितले नाही. त्याला घरी गेल्यावर चकित करायचे तिच्या मनात होते.

गाडी दारात थांबली. ओट्यावर सासू, ठमाबाई, शेजारणीबरोबर शेंगा फोडत बसली होती. कौसल्याने उतरता उतरता हाक मारली, "तुळशे, ए तुळशे!"

शेजारीण तोंडाला पदर लावून हसली. "तुळशे म्हणं!"

ठमाबाई सुनेकडे पाहून गोड हसली आणि तसेच हसत म्हणाली, "म्हनू दे की. बहिरीला काय कळतंय? ए नकोशे, ऊठ. आली बग तुजी आय."

आणि ती लहानगी 'नकोशी' या नावाला उठून उभी राहिली.

मी ते सगळे मोठे करून कौसल्याच्या कानात सोडले. दुसरे मला काय करता येणार होते?

तुम्हाला समजावून सांगते. बारशाच्या दिवशी मुलीचे नाव तुळशी ठेवायचे, असे कौसल्याने सर्वांना सांगितले होते. बायकांनी माना डोलावल्या. पण पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितले ते ठमाबाईने, आणि तिने सांगितले 'नकोशी'. मुलगी झाली म्हणून नको होती, एवढाच त्याचा अर्थ. बायका हसल्या. कौसल्याला वाटले, आनंदाने हसल्या. पुढे ती लोकांच्या ओठांकडे पाही. नकोशी म्हणताना आणि तुळशी म्हणताना ओठ एकदा गोल होतात आणि मग फाकतात. तिला वाटे, सगळे तिच्या लेकीला तुळशी म्हणतात. साऱ्या आळीला हे ठाऊक होते. कोणीही तिला सांगितले नाही. उलट तिने हाक मारली की बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. रामहरीलाही ठाऊक होते. तो बोलला नाही, कारण आईपुढे तो कधीच बोलत नसे.

कौसल्याने शेंगांची टोपली उचलली आणि ती आत गेली. चुलीपुढे बसून तिने चाक फिरवले. मी गप्प झाले.

पण दुसऱ्या दिवशी तिने मला पुन्हा सुरू केले. "ह्यो डॉक्टरनं दिल्याला ताईत हाय," असे तिने घरात सांगून टाकले. कानातले बटण डोक्यावरच्या पदराखाली दिसत नसे, आणि ताईत म्हटल्यावर कोणी काही विचारले नाही. मग मी जे ऐकले ते सगळे तुम्हाला सांगत नाही, तुम्ही लहान आहात. समोर बसून, तिच्या हातची भाकरी खात, हसऱ्या तोंडाने माणसे तिला काय काय म्हणत! एकाने तर हाताने पाण्याची खूण करत तोंडाने तिला शिवी दिली आणि तिने पाणी आणून दिले. तिने ऐकले होते, तरीही दिले. उकिरड्याला निदान आपली घाण झाकायचे नाटक येत नाही. माणसांना येते.

त्यातच मुलीला सर्दी झाली आणि तिचा कान वाहू लागला.

एका सकाळी कौसल्या गोठ्यात शेण काढत होती. अंगणातून पोरीची किंकाळी आली. मग एका पुरुषाचा आवाज आला.

"पाय दाबून धरा, आजी. डोकं मी धरतू."

"उरक बाबा लवकर," ठमाबाई म्हणाली. "तिची आय गोठ्यात हाय. तिला काय ऐकू येत न्हाय, पर बगितलं तर कावकाव करंल."

कौसल्या शेणाच्या हातांनीच धावली. अंगणात म्हस्कू उकिडवा बसला होता. पोर ठमाबाईच्या मांडीवर आडवी होती. शिंग तिच्या कानावर आले होते. कौसल्याने मागून झडप घालून पोर उचलली. म्हस्कूचा हात हिसडला आणि शिंगातले सगळे औषध कौसल्याच्या छातीवर, म्हणजे माझ्यावर सांडले.

मित्रांनो, ते कोमट होते. चिकट होते. माझ्या जाळीतून ते आत उतरले, नळ्यांभोवती साचले आणि सेलांपर्यंत पोहोचले. अजून ते आठवले की माझी वायर आखडते.

तरी मी काही वेळ जिवंत होते. त्या वेळात कौसल्या काय बोलली ते मी ऐकले.

"आत्याबाई, मला समदं ऐकू येतंया. लई दिसांपास्नं येतंया. माज्या लेकीला तुमी काय म्हनता, ती बी ऐकलंय."

ठमाबाईच्या हातून पोरीचे टोपडे गळून पडले. "अगं, रीतच हाय ती... नको असल्यावर तसं नाव ठिवत्यात. फुडं पोरगा हुतू."

"माज्या कानात वतलं तवा मला बोलाया येत नव्हतं. आता येतंया. हिच्या कानाला कुनी हात लावला तर हात मोडीन." मग ती म्हस्कूकडे वळली. "ऊठ. हितनं ऊठ."

म्हस्कू शिंग पुसत उठला. जाताना थुंकला आणि म्हणाला, "पोरगी बहिरी झाली म्हंजी येशीलच माज्या दारात."

तेवढ्यात रामहरी मळ्यातून आला. तो अंगणात उभा राहिला. त्याने आईकडे पाहिले, बायकोकडे पाहिले. नेहमीसारखी मान खाली घातली. मग वर केली.

"गाडी जुपतू," तो म्हणाला. "चल, पोरीला दवाखान्यात न्हिऊ."

याच वेळी माझ्या पोटात चर्र झाले आणि सगळे बंद पडले. कौसल्याने बटण दाबले, चाक फिरवले. काही नाही. रामहरीचे ओठ हलत होते. ओठ एकदा गोल झाले आणि फाकले. तो मुलीला काय म्हणाला, ते तिला कळेना.

तिने बटण कानातून काढले, त्याची बाही धरली आणि म्हणाली, "कानापाशी येऊन म्हना. काय नाव हाय हिचं?"

तिचे कान वाहत, म्हणून लग्न झाल्यापासून रामहरीने तिच्या कानाशी कधी तोंड नेले नव्हते. त्याला घाण वाटे. आज तिचे अंगही शेणाने आणि त्या औषधाने बरबटलेले होते. तो क्षणभर घुटमळला. मग वाकला, तिच्या कानाला ओठ लावून ओरडला. एवढ्या जवळून, एवढ्या मोठ्याने ओरडले की तिला थोडे ऐकू येत असे. माझी गरज नसे.

तो काय ओरडला, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळले. आरडाओरडा ऐकून आपल्या दारात आलेल्या शेजारणीनेही ते ऐकले, कारण ती तोंडाला पदर न लावता आत निघून गेली.

डॉक्टरांनी तुळशीचा कान कोरडा करून दिला. पडद्याला छोटे भोक होते, ते पुढे आपोआप भरले. तिला आज सुईसुद्धा पडली की ऐकू येते, असे प्रयागबाई सांगतात. मला दुरुस्तीसाठी पुण्याला पाठवले, तिथल्या माणसाने झाकण उघडले आणि रुमाल नाकाला लावून परत बंद केले. तेव्हापासून मी प्रयागबाईंकडे आहे. नवी पेटी मिळेपर्यंत रामहरी बायकोच्या समोर, उजेडात उभा राहून बोलायला शिकला. ठमाबाई अजून कधी कधी जुनेच नाव घेते. अशी माणसे यंत्राने बदलत नाहीत.

आणि म्हस्कू? बाजाराच्या दिवशी तो अजून बसतो. त्याच्यापुढे अजून रांग असते. त्या रांगेतल्या बाया-बाप्यांची मला शिसारी येते. मग वाटते, त्यांना तरी कोणी समोर येऊन नीट सांगितले का?

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. कान दुखला, वाहिला, तर त्यात काहीही ओतू देऊ नका. धाकट्या भावंडाला कोणी मांडीवर दाबून धरले तर आरडाओरडा करा. ज्याला कमी ऐकू येते त्याच्या पाठीमागून बोलू नका, त्याच्या तोंडासमोर हसत शिवी देऊ नका. माझी गोष्ट ऐकताना तुम्हाला मळमळले असेल, तर मला बरे वाटेल. ती मळमळ पाणी पिऊन घालवू नका. मोठे व्हाल तेव्हाही ती जपून ठेवा. कुठल्या तरी अंगणात, कुठल्या तरी लेकरासाठी, तिची गरज पडेल.